आमेरच्या चढावर मावशी

पहिला दिवस : बोरिवली ते जयपूर

आमच्या मुलुंडच्या घरी टीव्हीच्या वर एक फोटो आहे. आई-बाबा हत्तीवर, मागे जयपूरजवळचा आमेरचा किल्ला, साल १९८४. लग्नाला दोन महिने झाले होते. बाबांच्या अंगात सफारी सूट, आईच्या एका हातात पदर आणि दुसऱ्या हाताने हौद्याचा कठडा गच्च धरलेला. लहानपणी घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो फोटो दाखवायचे.

याच मुलुंडमध्ये जून २०१३ मध्ये बिजली पडली. वरातीत मिरवून आणि रस्त्यावर भीक मागून जन्म गेलेली हत्तीण. एक दिवस खाली बसली ती उठेचना. डॉक्टर आले, क्रेन आली, बघ्यांची गर्दी जमली. मीही डझनभर केळी घेऊन गेले. ३० जूनला बिजली गेली. आमचा गट त्यानंतरचा. गट म्हणजे सहा माणसं आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. किनाऱ्यावरचे घोडे, जत्रेतले उंट, रिसॉर्टच्या दारात साखळीला बांधलेलं माकड, दिसेल त्याचे फोटो काढायचे, तक्रार लिहायची आणि पाठपुरावा करायचा. यातलं तिसरं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि तेच खरं.

यंदा फेब्रुवारीत आमेरला जायचं ठरलं आणि ऐन वेळी बाकीच्यांच्या रजा रद्द झाल्या. सोबतीला मावशी तयार झाली. वय एकोणसत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, जीभ शाबूत. गाडीने विरार सोडलं तशी तिने डब्यातल्या दशम्या काढल्या आणि विषयाला हात घातला.

"तुला बसायचं नाही ना हत्तीवर, नको बसूस. मला का अडवतेस? तुझी आई बसली, मी चाळीस वर्षं तो फोटोच बघतेय."

मी पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला. दोनशे पत्रकं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. मावशीने एक घेतलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि त्याच्यावर लोणच्याची फोड ठेवली.

दुसरा दिवस : आमेर

सकाळी सातला रिक्षाने निघालो. हत्तीची सवारी सकाळीच असते आणि फक्त वर जाण्यासाठी. मावठा तलावाच्या काठाने गेलं की हत्तींचा थांबा लागतो. एका हत्तीवर दोन माणसं. फरसबंद चढाने वर जायचं, सूरजपोल दरवाजातून आत शिरायचं आणि जलेब चौकात उतरायचं. किलोमीटरभराचा चढ.

पहाटेची थंडी होती आणि हत्ती देखणे दिसत होते, हे मान्य करायला हवं. कपाळावर गुलाबी-पिवळी फुलं, कानांवर मोर, पाठीवर लाल झूल. बहुतेक सगळ्या माद्या. नर माजावर आला की आवरत नाही, म्हणून या धंद्यात हत्तिणीच. लोकांचे मोबाइल त्यांच्या कपाळावर खिळलेले. मी आमच्या गटातल्या जनावरांच्या डॉक्टरणीने शिकवलेलं करत होते. ती म्हणते, हत्ती खालून वर बघायचा. आधी पाय, मग नखं, मग पोट आणि कपाळ सगळ्यात शेवटी.

म्हणून मी फरशीवर उकिडवी बसले. हत्ती खरं तर बोटांवर चालतो, टाचेखाली चरबीची जाड गादी असते. जंगलात माती, चिखल, पालापाचोळा यांवर ती गादी घासते आणि भरूनही येते. दगडावर आणि डांबरावर ती झिजत जाते. रांगेतल्या तिसऱ्या हत्तिणीच्या पुढच्या उजव्या पायाचं मधलं नख उभं चिरलेलं होतं. चीर पार मुळापर्यंत गेलेली, तिच्यात माती बसून काळी पडलेली. उभ्या उभ्या ती तो पाय जरा उचलायची, टेकवायची, पुन्हा उचलायची. गरम तव्याला बोट लागलं की आपण ते दुसऱ्यांदा लावताना जसं करू, तसं. वर बसलेल्या जोडप्याला ते दिसणं शक्य नव्हतं. मधे हौदा, गादी, झूल आणि अडीच मीटर हत्ती.

हौद्याचंही एक आहे. एवढं मोठं जनावर, त्याला दोन माणसांचं काय ओझं, असं सगळेच म्हणतात. पण हत्तीची पाठ कमानदार असते आणि मणक्यांची हाडं वरच्या बाजूला टोकासारखी उभी असतात. ओझं नेमकं त्यांच्यावर येतं, तेही चढावर, तेही दिवसातून अनेकदा.

माझी पत्रकवाटप मोहीम सपशेल पडली. पहिल्या तासात चाळीस वाटली असतील. त्यातली बरीच पुढच्या वळणावर जमिनीवर सापडली आणि माझी मलाच गोळा करावी लागली. एका गृहस्थांनी तर विचारलं, "हे हॉटेलचं आहे का?" मी कायदा सांगू लागले की लोकांची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची. क्षयाचं सांगितलं तेव्हा मात्र काही जण थांबले. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१८ मध्ये इथले हत्ती तपासले होते. त्यांतले दहा क्षयाच्या चाचणीत सापडले, काहींची दृष्टी अधू निघाली. हत्तीचा क्षय माणसाला लागू शकतो, माणसाचा हत्तीला. "अरे बापरे," म्हणत एका बाईने मुलाला मागे ओढलं. हत्तीची कणव म्हणून नाही, पण रांग तर सोडली. मला तेवढं चालतं.

गौरीचंही सांगत होते. याच किल्ल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये गौरी नावाच्या हत्तिणीने एका रशियन पर्यटक बाईला सोंडेने उचलून आपटलं, पाय मोडला तिचा. त्याआधी २०२२ मध्ये तिने एका दुकानदारावर हल्ला केला होता. त्यावर एक तरुण म्हणाला, "मग ती गौरी नको, दुसरी द्या म्हणायचं." काय बोलणार!

साडेआठच्या सुमाराला एका सहल कंपनीची बस आली आणि केशरी टोप्यांचा घोळका उतरला. "अगं, आपली माणसं!" मावशी ताडकन उठली. इतका वेळ ती कठड्यावर बसून एका म्हाताऱ्या माहुताशी तिच्या हिंदीत गप्पा मारत होती. तिचा हट्ट पुन्हा उफाळणार म्हणून मी धास्तावले. तर ती टोप्यांच्या रांगेत शिरली आणि सुरू झाली.

"कुठल्या तुम्ही? नाशिकच्या का? मी मुलुंडची. हत्तीवर बसणार? मीही बसणारच होते. पण आत्ता त्या माहुताला विचारलं, हिचं वय काय? तो म्हणाला, अठ्ठावन्न असेल. म्हणजे माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, आणि गुडघ्यांची गत माझीच. ती बघा, उजवा पाय टेकवत नाहीये. मी पण जिना चढताना असाच धरते. आता तिच्या पाठीवर बसून मी वर जायचं म्हणजे एका संधिवाताने दुसऱ्या संधिवाताच्या खांद्यावर बसायचं!"

घोळका हसला. मग सगळ्यांनी वाकून तो पाय पाहिला. मी इतक्या वेळात एकालाही वाकायला लावू शकले नव्हते.

त्या बावीस जणांपैकी नऊ जण जीपने वर गेले. उरलेल्यांचं म्हणणं काय होतं ते महत्त्वाचं आहे. "अहो, पटतंय तुमचं, पण हे पॅकेजमध्येच आहे. पैसे भरून झालेत." सहलीच्या छापील कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी 'हत्तीवरून आमेर किल्ला' असं लिहिलेलं, फोटोसकट. मी तो कागद मागून घेतला. म्हणजे हा निर्णय आमेरच्या चढावर होतच नाही. दिवाळीच्या आधी, आपल्याच गावातल्या सहल कंपनीच्या टेबलावर होतो. आम्ही आठशे रुपये खर्चून पत्रकं छापून चुकीच्या ठिकाणी उभे होतो.

आम्ही दोघी जीपने वर गेलो. शीशमहाल पाहिला. मावशीला आरशांपेक्षा पाण्याचे हौद आवडले.

तिसरा दिवस : हाथीगाव

आमेरजवळ कुंडा इथे राजस्थान सरकारने हत्ती आणि माहुतांसाठी वसवलेलं हे गाव. आराखडा मुंबईचे वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा यांचा. उजाड झालेल्या जागेत आधी पावसाचं पाणी अडवून तळी केली, झाडं लावली आणि मग घरं. माहुताचं घर आणि हत्तीचं थान शेजारी-शेजारी. कल्पना उत्तम आहे आणि गावात फिरताना ती जाणवते. आमेरच्या फरशीपेक्षा इथला हत्ती नक्कीच सुखी.

पण थानात हत्ती बांधलेलाच. खाली कोबा, पुढच्या पायात साखळी. एक हत्तीण डोलत होती. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मावशीला वाटलं, कुठेतरी गाणं लागलंय. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला सव्वीस वेळा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, सत्तावीस. जंगलातला हत्ती असा डोलत नाही. दिवसाचा बराचसा वेळ चालण्यात आणि खाण्यात घालवणाऱ्या जनावराला एका जागी उभं केलं की ते असं होतं.

इथे पर्यटकांसाठी हत्तीला अंघोळ घाला, रंगवा, चारा भरवा असे कार्यक्रम असतात. आम्ही काही घेतलं नाही. त्यामुळे आमच्याशी कुणी फार बोलेना. शेवटी आदल्या दिवशीचा मावशीचा म्हातारा माहूत भेटला. त्याने चहा पाजला आणि मला गप्प केलं.

"मॅडम, कल सवारी बंद हो जाए, तो परसों ये खाएगी क्या?"

हत्तीला दिवसाला दीडशे-दोनशे किलो चारा लागतो. ऊस, ज्वारीचा कडबा. हत्ती त्याचा नाही, मालकाचा. मालक शहरात. तो पगारी. कोरोनात सवाऱ्या बंद झाल्या तेव्हा उसाची गाडी दिवसाआड येऊ लागली, असं तो म्हणाला. स्वतःच्या घरातलं काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चिरलेल्या नखाचं विचारलं, तर त्याला ते ठाऊक होतं. तिसरी हत्तीण, उजवा पाय. तो रोज रात्री हळद-तेल लावतो म्हणाला. "आराम मिलेगा तो भरेगा. आराम कौन देगा?"

आमच्या मुंबईत व्हिक्टोरिया बग्ग्यांचं हेच झालं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं आणि घोडेवाल्यांचं पुनर्वसन करायलाही सांगितलं. विजेवरच्या बग्ग्या रस्त्यावर यायला २०२१ उजाडलं. मधली वर्षं त्या माणसांनी काय केलं, हे आम्ही प्राणीवाले विचारत नाही. मी माहुताला बग्गीचं सांगितलं. विजेच्या गाडीवर तुम्हालाच ड्रायव्हर घेतलं तर, असंही विचारलं. तो हसला. चाळीस वर्षं पायाच्या अंगठ्याने हत्तीच्या कानामागे खूण करून चालवणारा माणूस, त्याला मी स्टिअरिंग देत होते.

दुपारी एका सरकारी कार्यालयात तक्रार द्यायला गेले. फोटो, तारीख, वेळ, हत्तीच्या कानावरच्या खुणा, सगळं जोडलेलं. अर्ज घेतला, पण पोच द्यायला शिक्का नव्हता. शिक्का असलेला माणूस जेवायला गेलेला. चार वाजेपर्यंत तो जेवत होता. शेवटी टपाल कार्यालयातून रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्याची पावती तरी मिळते.

रात्री लॉजवर मावशीला कायदा समजावून सांगितला. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. मावशीला वाटलं, मी शून्य खाल्ले. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ करायला १९९८ पासून बंदी आहे, हत्ती त्या यादीत नाही. सेंट्रल झू ऑथॉरिटीने २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या आणि सर्कशींतल्या हत्तींना बाहेर काढा म्हटलं, पण किल्ला म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. हत्ती विकता येत नाही, मात्र २०२२ च्या दुरुस्तीने 'धार्मिक किंवा अन्य कारणासाठी' तो दुसऱ्याकडे देता येतो. त्या 'अन्य'मध्ये काय काय मावतं ते वकील सांगतील.

"पन्नास रुपये?" मावशी म्हणाली. "संध्याकाळी दोन कचोऱ्यांचे याहून जास्त झाले."

चौथा दिवस : आग्रा

बसने आग्रा. मावशीने ताज पाहिला, मी बाकावर बसून पाय दाबले. पेठा घेतला. संपला दिवस.

पाचवा दिवस : कीठम आणि मथुरा

आग्र्याहून मथुरेकडे जाताना कीठमचं सूर सरोवर अभयारण्य लागतं. तिथे 'वाइल्डलाइफ एसओएस'चं अस्वलांचं केंद्र आहे. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली ही संस्था. भेटीसाठी आधी नोंदणी करावी लागते. ती मी महिनाभर आधी केली होती.

मावशीच्या लहानपणी दारात दरवेशी यायचा. अस्वलाचे केस ताईतात घालून द्यायचा, बाळाला अस्वलाच्या पाठीवर बसवायचा म्हणजे ते भित नाही. मावशीच्या गळ्यातही असा ताईत होता. उत्तरेत हे काम कलंदर जमातीचे लोक करत. पिल्लू असतानाच आईला मारून आणलेलं, तापलेल्या सळईने नाकाडाला भोक पाडून त्यातून दोरी ओवलेली, दात पाडलेले. दोरी ओढली की मागच्या पायांवर उभं राहायचं, त्याला आपण नाच म्हणायचो. संस्थेने सहाशेहून जास्त अस्वलं सोडवली. शेवटचं डिसेंबर २००९ मध्ये. आणि हे नुसती अस्वलं उचलून आणून झालेलं नाही. कलंदर कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल दिलं, पोरांना शाळेत घातलं. मला काल माहुताला जे उत्तर देता आलं नाही, ते इथे कुणीतरी वीस वर्षं खपून दिलेलं होतं. रिक्षा घेऊन देण्याइतकं साधं आणि तितकंच किचकट.

कुंपणापलीकडे एक म्हातारं अस्वल लाकडाच्या ओंडक्यातल्या भोकात मध शोधत होतं. ते ओठांची नळी करून असा आवाज काढतं की जुन्या सायकल-पंपाची आठवण व्हावी. नाकाडावरच्या भोकाचा व्रण अजून दिसत होता. मावशीने गळ्याला हात लावला, ताईत नाही तिथे.

दुपारी मथुरेच्या बाजूला, फरहजवळ, याच संस्थेचं हत्तींचं केंद्र. शेजारी नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेलं हत्तींचं रुग्णालय, भारतातलं पहिलं. क्ष-किरण यंत्र, लेझर उपचार, हत्तीला उचलून धरणारा पाळणा. इथे सवारी नाही, अंघोळ घालणं नाही, सोंडेखाली उभं राहून फोटो नाही. लांबून बघायचं. बरोबरच्या एका कुटुंबातली मुलं वैतागली. मला ते वैतागणंही बरं वाटलं.

मला लक्ष्मीला बघायचं होतं. ती मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागायची, बिजली गेली त्याच वर्षी तिला इथे आणलं. लोक प्रेमाने वडापाव आणि मिठाई खायला घालत, त्याने ती बेसुमार लठ्ठ झाली होती. सांध्यांवर तो सगळा भार. माझी केळी त्या वडापावांच्या शेजारीच ठेवायला हवीत. लांब, झाडांपलीकडे उसाच्या पाल्यात सोंड घालून उभी असलेली लक्ष्मी, असं काळजीवाहूने दाखवलं. मला फक्त पाठ आणि एक कान दिसला.

जवळून दिसलं ते वेगळंच. एक हत्तीण लोखंडी गजांच्या आड उभी होती. तिच्या पुढ्यात औषधाच्या पाण्याचं टोपलं. काळजीवाहू काही बोलला आणि तिने पाय आपण होऊन उचलून आडव्या गजावर ठेवला. अंकुश नाही, साखळी नाही, एका हातात चिरलेल्या पपईची बादली. दुसरा माणूस कानशीने तळव्याची वाढलेली कातडी घासत होता, आवाज सुतारकामाचा. नखाच्या कडेला त्याने एक छोटी खाच कोरली, आतून पिवळं पाणी आलं. ती हलली नाही. पपई मागितली फक्त. मग पाय टोपल्यात. वीस मिनिटं. दुसरा पाय.

"रोज करतात हे?" मावशीने विचारलं.

"रोज. इनका तो उमर भर चलेगा."

परत येताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बाबाच्या हळदीने नाही भरायचं ते नख."

सहावा दिवस : परत

मथुरा जंक्शनहून रात्रीची गाडी. वरच्या बर्थवर पडून मी केशरी टोप्यांचा तो छापील कार्यक्रम पुन्हा वाचला. कंपनीला पत्राचा मसुदा केला. कायद्याची कलमं पहिल्या खर्ड्यात होती, दुसऱ्यात काढून टाकली. तिथे एवढंच लिहिलं, की पुढच्या हंगामाच्या पत्रकात 'हत्तीवरून' ऐवजी 'जीपने' छापा. दर कमीच होईल. शिवाय आमेरला बावीसपैकी नऊ जण आपण होऊन उतरले. सही माझी, खाली मावशीची. तिने स्वतःचं वयही लिहायला लावलं. अशा सहल कंपन्यांची यादी करायला घेतली, दादर-ठाण्यातल्याच चौदा निघाल्या. ऑगस्टपर्यंत प्रत्येकीला भेटायचं. नाशिक-पुण्याच्या नंतर.

पत्रकांचा उरलेला गठ्ठा, एकशे वीसेक, मावशीने दशम्या बांधायला मागितला. दिला.

कल्याणला उतरून लोकलने मुलुंड. घरी आल्यावर टीव्हीवरचा फोटो खाली काढला आणि काचेवरची धूळ पुसली. आई, बाबा, हौदा, झूल, रंगवलेलं कपाळ, सोंडेवरची वेलबुट्टी. पाय नाहीत. फोटोग्राफरने गुडघ्यांच्या वरच कापलंय.